पाऊण तास

न्यूरोफिजिशियन राउंडला येतात तेव्हा पेशंटच्या कॉटजवळ दोन-तीन मिनिटं थांबतात. फाइल चाळतात, हात उचलून दाखवायला सांगतात, जीभ बाहेर काढायला सांगतात, 'फिजिओ चालू ठेवा, बघू या' म्हणतात आणि पुढच्या कॉटकडे वळतात. त्यांना नावं ठेवण्यासारखं यात काही नाही, खाली ओपीडीत माणसं खोळंबलेली असतात. पण त्या 'बघू या'चा अर्थ लावायचं काम मागे उरतं, आणि ते पुढचा पाऊण तास पेशंटच्या अंगाला हात लावून काम करणाऱ्या माणसाकडे येतं. मोठ्या डॉक्टरांना जे विचारायचा धीर झालेला नसतो ते सगळं मग आम्हाला विचारलं जातं. फिरून फिरून प्रश्न एकच: 'मॅडम, चालतील ना हो?'

वीसेक वर्षं मी पुण्यात फिजिओथेरपी करते आहे. सकाळी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, चारनंतर घरोघरी व्हिजिट. पेशंट बहुतेक अंगावरून वारं गेलेले, काही पार्किन्सनचे, काही बाइकवरून पडून मणका मोडलेले तरुण, अधूनमधून गुडघे बदललेली मंडळी. या कामाचा ताण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंगमेहनत येते. 'दमत असाल ना हो, एवढी माणसं उचलायची!' ऐंशी किलोच्या माणसाला खुर्चीतून उभं करताना कंबर धरते, अंगठ्यांचे सांधे चाळिशीतच कुरकुरायला लागतात, हे खरं आहे. पण त्यावरचे उपाय आम्हाला ठाऊक असतात, तो आमचा धंदाच आहे. रात्री जेवायला बसल्यावर घास खाली उतरू देत नाही ती गोष्ट वेगळी.

स्ट्रोकचा पेशंट पहिल्या आठवड्यातच बरंच काही सांगून टाकतो. दोन-तीन दिवसांत आधाराशिवाय कॉटच्या कडेला बसता येऊ लागलं आणि लुळ्या पायात थोडी जरी हालचाल असली, तर सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालण्याची शक्यता चांगली असते. दोन्ही नसेल तर वाट अवघड. सुधारणेचा जोर पहिल्या तीन महिन्यांत असतो, पुढे तो मंदावत जातो. पाय बहुधा हाताच्या आधी येतो. खांदा हलतो, कोपर हलतं, बोटं मात्र सगळ्यांत शेवटी, आणि कित्येकदा येतच नाहीत. हे आडाखे आहेत, भविष्य नव्हे. आडाखे चुकवणारे पेशंट मी पाहिलेत आणि त्यांच्या घरी जेवलेही आहे. तरीपण दहांत सात-आठ वेळा मला अंदाज आलेला असतो, आणि समोर बायको, सून, मुलगा माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात.

हे तोंडाकडे बघणं कुणाला सांगून कळायचं नाही. मी पेशंटचा पाय उचलते आणि म्हणते, 'आता धरून ठेवा, खाली पडू देऊ नका.' पाय पडतो. त्या क्षणी पायाकडे कुणीच बघत नाही, सगळे माझ्या भुवया बघतात. कपाळाला जराशी आठी पडली की संध्याकाळपर्यंत ती गोष्ट नागपूरच्या आत्यापर्यंत पोचते: 'मॅडमचा चेहरा पडला होता.' म्हणून चेहरा पडू द्यायचा नाही. पण फार खुलवायचाही नाही, कारण महिन्याभराने 'तुम्हीच म्हणाला होतात' हे ऐकायची तयारी असावी लागते. आशा द्यायची ती मोजून द्यायची. जास्त दिली तर फसवणूक आणि कमी दिली तर पेशंट व्यायामच सोडतो, मग जे होण्यासारखं असतं तेही होत नाही. हे माप कुठल्याही पुस्तकात नाही.

पुस्तकं आम्ही कमी वाचली असंही नाही. सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून आमचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम होता. प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला कुठली नस जाते, त्याची ताकद शून्य ते पाच अशी कशी मोजायची, सगळं पाठ. मानसशास्त्राचा एक पेपर होता, तो सगळ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला. खरं तर ज्या परिस्थितीतून हा व्यवसाय आपल्याकडे उभा राहिला ती मनाला पीळ पाडणारीच होती. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा परळला के.ई.एम.मध्ये १९५३ साली निघाली ती पोलिओच्या मुलांमुळे. त्याच्या तीन वर्षं आधी, त्याच आवारात, जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी घरात आलेल्या कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली होती. त्या पिढीच्या थेरपिस्ट पोरींनी कॅलिपर लावलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना महिनोन् महिने हात धरून चालवलं. त्यांना त्या मुलांचा किती लळा लागला असेल, आणि ज्यांचा पाय आलाच नाही त्यांच्या आयांना त्या काय सांगत असतील, हे कुठे लिहून ठेवलेलं मला तरी सापडलेलं नाही. पायाची ताकद मात्र प्रत्येक कागदावर शून्य ते पाच.

आर्ली हॉकशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं, त्यात विमानातल्या एअर होस्टेसच्या कामाचा अभ्यास आहे. पगार जसा कष्टांचा मिळतो तसाच तो चेहऱ्यावरच्या हसण्याचा, गिळलेल्या रागाचाही असतो, आणि तेही श्रमच आहेत, असा त्यांचा मुद्दा. वरवरचं हसू आणणं एक, आणि हसू यावं म्हणून आतून स्वतःला तसं वाटायला लावणं दुसरं, असे दोन प्रकारही त्या सांगतात. वाचताना पानोपानी मान डोलत होती. पण एक फरक राहून राहून जाणवला. एअर होस्टेसचा प्रवासी दोन तासांनी उतरून जातो. माझा पेशंट उद्याही असतो, परवाही असतो, दिवाळीला फराळाचा डबा देतो आणि चैत्रात कैरीची डाळ. आणि माझं काम हातांनी चालतं. मी आज घाईत आहे, कंटाळले आहे किंवा याच्या पायावरची माझी आशा उडाली आहे, हे चेहऱ्यावरून कळलं नाही तरी पकडीवरून त्याला कळतं. ज्यांची वाचा गेलेली असते त्यांना तर फारच लवकर.

कर्वेनगरला माझे एक पेशंट होते, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. उजवी बाजू गेलेली आणि वाचाही. त्यांना समजायचं जवळजवळ सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा: 'बरोबर'. पाणी हवं असलं तरी बरोबर, संडासला जायचं असलं तरी बरोबर, संतापले तरी बरोबर. आयुष्यभर व्हाउचरं तपासून टिकमार्क केल्याचा परिणाम, असं त्यांची मुलगी म्हणायची. गंमत म्हणजे संध्याकाळी दिवा लागला की हेच गृहस्थ रामरक्षा सुरू करत आणि फारशी न अडखळता शेवटापर्यंत नेत. असं होतं. लहानपणापासून घोकलेलं, ओळीने येणारं बोलणं मेंदूतून वेगळ्या वाटेने येतं. आकडे, वार, प्रार्थना, शिव्यासुद्धा टिकून राहतात, आणि मनात योजून बोलायचं वाक्य अडकतं. हे मी त्यांच्या पत्नीला समजावून सांगितलं, स्पीच थेरपिस्टनेही सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, 'म्हणजे श्लोक सगळे येतात, आणि माझं नाव येत नाही.'

यावर काय बोलायचं? मी काकांच्या खांद्याखाली हात घातला, माझे दोन्ही गुडघे त्यांच्या दुबळ्या गुडघ्याला टेकवून तो लॉक केला, कमरेचा पट्टा धरला आणि 'चला काका, नाक पुढे, एक, दोन, तीन' म्हणत त्यांना उभं केलं. काम करत राहणं हे आमचं एक लपायचं ठिकाण आहे, हे मान्य करायला हरकत नाही. त्या दिवशी उभं राहिल्या राहिल्या काका रडायला लागले. स्ट्रोकनंतर रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो, कधी कधी दुःख नसतानाही रडू फुटतं. हे दुःखाचं रडणं की नुसतंच फुटलेलं, हे मला त्यांच्या तोंडून कधीच कळणार नव्हतं. मग पायातला स्प्लिंट त्यांनी डाव्या हाताने ओढून काढला आणि भिंतीवर भिरकावला. 'बरोबर! बरोबर! बरोबर!' काकांना सांभाळायला ब्युरोकडून आलेले मामा धावले आणि त्यांनी नेमका लुळा हात धरून ओढला. स्ट्रोकच्या प्रत्येक घरात आम्ही हेच सांगत असतो, की तो हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. मामांना ओरडायचं, काकूंना धीर द्यायचा, काकांना बसवायचं, आणि हे सगळं एकाच आवाजात.

तिथून पुढची व्हिजिट दोन सिग्नल पलीकडे. स्कूटरवरून पाच मिनिटं. तिथल्या आजींचा बदललेला गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकायला लागला होता, त्यांनी पेढे आणून ठेवले होते. मी पेढा खाल्ला, आनंदाने खाल्ला, आजींचा मोबाइलमध्ये व्हिडिओ काढला. तो आनंद खोटा नव्हता. आणि मला वाटतं दमवणारं जे आहे ते यातच आहे. दुःखही खरं, पाच मिनिटांनंतरचा आनंदही खरा, आणि मध्ये हेल्मेट घालण्याएवढाच वेळ. पहिल्या घरातलं काहीही दुसऱ्या घराच्या उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. आजींचा त्यात काय दोष?

घरोघरी जाण्यातल्या आणखी एका गोष्टीबद्दल बायका आपापसांतच बोलतात. बंद खोलीत एकट्या पुरुष पेशंटबरोबर काम करताना कधी कधी चांगला असलेला हात नको तिथे येतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की संयम सुटतो, हे आम्हाला माहीत असतं. हेही माहीत असतं की काहींच्या बाबतीत मेंदू ठणठणीत असतो. ज्युनिअर मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते: दार उघडं, घरातलं कुणीतरी समोर, आणि दुसऱ्यांदा झालं की व्हिजिट बंद. रोगाची कारणमीमांसा त्यानंतर.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक प्रश्नावली वाटली. तिच्या प्रबंधाचा विषय होता बर्नआउट. त्यासाठी जगभर वापरली जाते ती मास्लॅक आणि जॅक्सन यांनी १९८१ साली आणलेली प्रश्नावली: बावीस विधानं, आणि प्रत्येकापुढे 'कधीच नाही' या शून्यापासून 'रोज' या सहापर्यंत आकडा घालायचा. डबे उघडून, एका हाताने पोळी-भाजी खात आम्ही ती भरली. भावनिक थकवा, माणसाकडे वस्तूसारखं बघणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, हे तीन भाग ती मोजते. पहिल्या भागात सगळ्यांचे आकडे भरभरून. दुसऱ्याशी मात्र माझं भांडण झालं.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणी 'चार नंबरला हिप आलाय, पाचला गुडघा, सहाला पाठ' असं म्हणतं तेव्हा बाहेरच्याला ते निर्दय वाटेल. मला ते तितकंसं निर्दय वाटत नाही. प्रत्येक कॉटवर पूर्ण माणूस, त्याचं कर्ज, त्याची नापास झालेली मुलगी, एवढं सगळं घेऊन सकाळी नऊला सुरुवात केली तर साडेअकराला मी कोलमडेन. चार नंबरचा हिप माझ्या हाताखाली आला की तो पाऊण तास माणूस असतो. कॉरिडॉरमध्ये तो हिप राहिला तर बिघडत नाही. थोडा कोरडेपणा हे हत्यार आहे, आणि त्याला सरसकट आजाराचं लक्षण ठरवणाऱ्यांनी एक आठवडा आमच्याबरोबर काढावा.

धोका दिसतो तो दुसरीकडे, मिनिटांमध्ये. आमच्याकडची एक हुशार ज्युनिअर, पंधरा-वीस हजारांच्या पगारावर दिवसाला डोकं वर काढायला फुरसत न मिळण्याइतके पेशंट बघणारी. तिच्याकडे विशीतला एक मुलगा होता, पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळा झालेला. सुरुवातीला त्याला ती तासभर द्यायची. गादीवर बसून तोल सांभाळणं, व्हीलचेअरमधून कॉटवर सरकणं, हातांची ताकद, सगळं मन लावून. तो रोज विचारायचा, 'ताई, कधी?' हळूहळू तासाची चाळीस मिनिटं झाली, मग पंचवीस. मग मशीन आलं. आमच्याकडे दुखण्यावर लावायची मशीनं असतात, पेशंट त्याला 'करंट' नाही तर 'शेक' म्हणतात, आणि ती त्यांना फार आवडतात. पॅड चिकटवलं, टायमर लावला, पडदा ओढला की पंधरा मिनिटं कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. त्या मुलाला पाठीत कळ यायची, त्यामुळे मशीन लावणं चुकीचंही नव्हतं, केस पेपरवर कुणाला बोट ठेवता आलं नसतं. फिजिओथेरपिस्ट मनाने उठून गेल्याचं मला कळतं ते त्याच्या बोलण्यावरून नव्हे, त्याच्या टायमरवरून. ती मुलगी पुढे आयर्लंडला गेली. तिथे एका पेशंटला किती वेळ मिळतो ते तिने फोनवर सांगितलं आणि मग बराच वेळ आम्ही दोघी हवापाण्यावर बोलत राहिलो.

पगाराचा आणि मानाचा मुद्दा इथे टाळता येत नाही, पण त्यावर फार वेळही घालवायचा नाही. २०२५च्या सप्टेंबरात आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉक्टर' लावू नये असं पत्र काढलं आणि लगोलग मागेही घेतलं. आमचे व्हॉट्सॲप ग्रुप पेटले. मी त्या दिवशी ज्या घरी गेले तिथल्या आजोबांनी बाहेरच्या खोलीत कुणाला तरी सांगितलं, 'मालिशवाल्या बाई आल्यात, नंतर फोन करतो.'

कोविडबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, मी एवढंच सांगेन. २०२१च्या एप्रिलमध्ये आयसीयूत आम्ही पेशंटना पालथं झोपवत होतो, कॉटच्या कडेला बसवत होतो, चार पावलं चालवलं की सॅच्युरेशन कुठे जातंय ते बघत होतो. पीपीई किटमध्ये जीव घुसमटायचा, चष्म्यावर वाफ धरायची. पण माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भुवयांवर लक्ष ठेवायला लागत नव्हतं. एका पेशंटच्या छातीवर हात ठेवून 'खोल श्वास घ्या, छान, अजून एक' म्हणताना आत माझे डोळे वाहत होते आणि आवाज नेहमीसारखा होता. बाहेर येऊन किट उतरवताना मला रडण्यापेक्षा त्या आवाजाचं जास्त आश्चर्य वाटलं. तो आता आपोआपच येत होता.

ताणावर उपाय म्हणून आम्हाला अधूनमधून वर्कशॉपला पाठवतात. कॉन्फरन्स हॉलमध्ये दिवे मंद करून दीर्घश्वसन, मग टाळ्या वाजवत हसणं, मग समोसा आणि चहा. समोसा चांगला असतो. दीर्घश्वसन तर आम्हीच इतरांना शिकवतो. या सगळ्यामागे गृहीत असं, की बिघाड आमच्यात आहे, आणि आम्ही श्वास नीट घेतला की तो दुरुस्त होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउट घेतला तेव्हा तो आजार म्हणून घेतलेला नाही, नोकरीशी निगडित गोष्ट म्हणून घेतला. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. नोकरीत दुखणं असेल तर व्यायाम नोकरीला द्यायला हवा. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांची माहिती घेऊन दाखवलं होतं की नुसत्या कामाच्या ओझ्याने माणूस तितका खचत नाही. ओझं जास्त आणि स्वतःच्या कामाबद्दल ठरवायची मुभा कमी, ही जोडी घात करते. आमचं अगदी तेच होतं. २०२१च्या केंद्रीय कायद्यात आमची गणना हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणून झाली, पण पेशंट किती बघायचे ते अपॉइंटमेंटचा काउंटर ठरवणार, थेरपी कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवणार, आणि न चालल्याबद्दल जाब आम्हाला विचारला जाणार.

आमच्या विभागप्रमुख बाई निवृत्त व्हायच्या आधी दोन गोष्टींसाठी व्यवस्थापनाशी हटून बसल्या. एक म्हणजे न्यूरोच्या पेशंटला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाचा स्लॉट. दुसरी म्हणजे आठवड्यातून एक तास सगळ्यांनी दार लावून केसेसवर बोलायचं, त्या तासाला कुणाचीही अपॉइंटमेंट द्यायची नाही. पहिल्या मागणीला कुरकुरत होकार आला, दुसरीला 'या तासाचं बिलिंग काय?' असा प्रश्न आला. बाई म्हणाल्या, 'बाथरूमला जातो त्याचं काय बिलिंग?' तो तास सुरू झाला. सुरुवातीला सगळे फक्त स्नायूंवर बोलायचे. मग एकाने सांगितलं की अमुक पेशंटच्या खोलीत जायच्या आधी माझ्या पोटात गोळा येतो. दुसरा म्हणाला, माझ्याही. मग त्या पेशंटला दोघांनी आळीपाळीने बघायचं ठरलं. एवढंच. फार काही खोल नव्हे, पण पोटातला गोळा खरोखर कमी झाला, आणि टायमरकडे पळणं कमी झालं.

घरच्या व्हिजिटना असा तास नाही, तिथे मी एकटी. आणि तिथे पैशांचा एक गुंता आहे, ज्याबद्दल आमच्यातले लोक सहसा बोलत नाहीत. हॉस्पिटलात पेशंट थांबला तर माझ्या पगारात फरक पडत नाही. घरी मात्र प्रत्येक व्हिजिटचे पैसे मिळतात. म्हणजे 'आता माझी गरज नाही' किंवा 'आता माझ्याने यापुढे होणार नाही' हे सांगणं माझ्याच खिशाविरुद्ध आहे. वर घरचेही ते ऐकायला तयार नसतात. मी रोज येते याचा अर्थ अजून प्रयत्न चालू आहेत. मी यायची थांबले तर घराने हात टेकले असा होतो. कित्येक घरांत व्यायामापेक्षा माझी बेल वाजणं हाच उपचार झालेला असतो, आणि तो पेशंटसाठी नसून बाकीच्यांसाठी असतो.

बाणेरला एक नाना होते. स्ट्रोकला वर्ष उलटून गेलं होतं. तोल सांभाळायच्या चाचणीत छप्पन्नपैकी जेमतेम बारा-तेरा, आणि तो आकडा कित्येक महिने जागचा हलला नव्हता. दोघांच्या आधाराने उभे राहत, पाऊल टाकताना पाय आडवा जाई. मुलगा न्यू जर्सीला, रोज मेसेज करणारा, पैसे वेळेवर, कधी अक्षराने दुखावणारं बोललेला नाही. 'प्रोग्रेस कसा आहे मॅडम?' या त्याच्या प्रश्नाला मी महिनोन् महिने 'स्टेबल आहेत' असं उत्तर देत होते. ते खरंच होतं. तेच टाइप करताना रोज अंगठा दुखायचा म्हणा.

एका संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. नाना खुर्चीत, शेजारी नानी, टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला फोन. मी म्हटलं, 'चालण्याचं ध्येय आपण आता सोडू या. कॉटवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, एका माणसाच्या मदतीने. तेवढं सहा आठवड्यांत पक्कं करू, घरातल्यांना शिकवू, आणि मग माझ्या रोज येण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा येऊन बघेन.' नाना माझ्याकडे बघत होते. त्यांना बोलता येत होतं. ते म्हणाले, 'कमोडवर जाता आलं तर बरंच होईल हो. त्या डायपरचा वैताग आलाय.' इतक्या महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही चालण्याचंच विचारत होते, कारण सगळे तेच विचारत होते.

मुलाने थोडा वाद घातला. पैशांचा प्रश्न नाही म्हणाला, दुसरीकडे दाखवू या का म्हणाला. मी म्हटलं जरूर दाखवा, रिपोर्ट मी लिहून देते. मग तो गप्प झाला. नानींनी पदराने चष्मा पुसला आणि मला विचारलं, 'म्हणजे मार्गशीर्षानंतर संध्याकाळची ही वेळ मोकळी होईल ना? मग मी माझे गुडघे दाखवून येईन म्हणते कुठेतरी. जिना उतरताना जीव जातो.'

'आई, तुझे गुडघे कधीपासून दुखतायत?' फोनमधून आवाज आला.

'तू बाबांचं विचारत होतास ना रे,' नानी म्हणाल्या, आणि मी त्यांना पलंगावर पाय सरळ करून बसायला सांगितलं. उजवा गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता.